कंसातलं मत

एकेचाळीसपैकी चाळीस फॉर्मवर तिसऱ्या ओळीत, कंसात, एकच वाक्य होतं: (येथे स्वतःचे मत लिहावे). अक्षरं वेगवेगळी, जागा तीच.

चूक माझी. शिक्षण विभागाने मुलांकडून भरून मागवलेल्या या फॉर्ममधल्या 'शाळा कशी असावी?' या प्रश्नाचं नमुना उत्तर मी दहावीच्या फळ्यावर लिहिलं आणि मध्ये ही सूचना टाकली. मुलांनी दिसलं ते उतरवलं, कंसासकट. पहिलीपासून दहा वर्षं शाळेने त्यांना तेवढंच शिकवलंय.

एकेचाळिसावा फॉर्म धम्मशीलाचा. तिने फळ्यावरचं काहीच घेतलं नव्हतं.

'शाळेत एक तरी प्रयोग खरा करायला मिळावा. माझ्या प्रयोगवहीत बारा प्रयोग आहेत. मी एकही केलेला नाही. प्रत्येक पानावर मॅडमची सही आहे.'

मी दोनदा वाचलं. चूक सापडली नाही.

डोणगावच्या या शाळेत मी सहा वर्षं विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेत तेव्हापासून पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत. प्रयोगवह्या मागच्या वर्षीच्या वह्यांवरून उतरतात. पाणी सगळ्यांचं बरोबर शंभर अंशांना उकळतं. आमच्या उंचीवर ते अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळायला हवं. दर जानेवारीत मी ठरवते, यंदा सही करायची नाही. फेब्रुवारीत करते. पहिल्या वर्षी रात्री झोप आली नव्हती. आता येते.

"हे असंच पाठवायचंय तुला?" मी धम्मशीलाला वर्गात विचारलं.

"तुम्हीच तं लिहिलं मॅडम, सोताचं मत लिहावं."

"अवं धम्मशीले," मागून दीपमाला म्हणाली, "मत अठरा वर्साचं झाल्यावर देता येते. तुले आताच काऊन पाह्यजे?"

वर्ग हसला. धम्मशीलाही हसली, जरा उशिरा.

"अठराव्या वर्षी मी शाळेत नसन नं," ती म्हणाली.

मुख्याध्यापक नीळकंठ सरांनी तो फॉर्म चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"चाळीस बरोबर आहेत. हिच्याकडून नवीन लिहून घ्या, अनुपमा मॅडम."

"सर, त्या चाळिसांत कंसही उतरलाय."

"कंस कोण वाचतं? वाचणारेही आपल्यासारखेच." ते खरंच हसले. मग त्यांनी प्रात्यक्षिकाच्या गुणांची यादी माझ्यापुढे सरकवली. चाळीस नावांपुढे वीसपैकी अठरा छापलेले. धम्मशीलाच्या नावापुढची जागा रिकामी.

"हिचे गुण मुद्दाम ठेवलेत. नवीन फॉर्म आला की अठरा. नाही आला तर किती, ते तुम्हीच ठरवा. पोरगी हुशार आहे, समजून घेईल. खाली सही करा, आज यादी पाठवायची आहे."

त्यांनी पेनाचं टोपण स्वतः काढून पेन माझ्या हातात दिलं. मी राग येण्याची वाट पाहिली. आला नाही. भीतीही आली नाही. हात स्थिर होता, नेहमीसारखा, आणि त्या स्थिर हाताने सही सहज झाली असती. मी पेन यादीवर आडवं ठेवलं.

"काय झालं?"

"सर, मुलांनी प्रयोग केल्याशिवाय यंदा मी सही करणार नाही."