मठातलं पांढरं पिल्लू

नांदगावजवळच्या वस्तीत लंकाबाईच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पिंजऱ्यात, सशाच्या मादीने अंगाचे केस उपटून केलेल्या गादीवर, आठ उघडीबोडकी पिल्लं वळवळत होती. सहा काळपट, दोन गुलाबी, म्हणजे केस आल्यावर पांढरी होणारी.

"बघा," धनराज महाराजांनी बोट रोखलं. "आईबाप काळेकुट्ट. ही जोडी तुम्हाला देतानाच बोललो होतो, घरात पाप असलं तर पांढरं निपजेल. सुनेच्या पोटातलं मूल या घराचं नाही. नऊ दिवस मठात ठेवा, शुद्ध करून देतो."

लोकांनी हात जोडले. लंकाबाईची सून, सातव्या महिन्यातली हर्षाली, भिंतीला टेकून उभी राहिली. वस्तीतल्याच हिरामणच्या सुनेलाही असंच नऊ दिवस नेलं होतं. ती मठातून थेट माहेरी गेली, आणि का गेली हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

लंकाबाई मात्र मादीचा फाटका कान बघत होती. हीच मादी तिने तेव्हा हिरामणच्या घरी पाहिली होती. ती तडक शाळेतल्या योगिनीबाईंकडे गेली.

"मावशी, पिल्लू रंगाचा एक वाटा आईकडून घेतं, एक बापाकडून," बाई म्हणाल्या. "एक जरी काळा असला तरी पिल्लू काळंच दिसतं. या दोघांच्याही अंगात एकेक पांढरा वाटा दडलाय. ते दोन्ही एका पिल्लात आले की ते पांढरं. सरासरी चारांत एक."

"मंजी जोडी कुठंबी ठेवली तरी?"

"कुठंही. पण एखाद्या वेताला सगळी काळीही निघतात."

लंकाबाई रात्रभर तळमळली. सकाळी तिने चारचौघांत महाराजांना गाठलं. "पिल्लांसकट जोडी मठात ठेवा. तिथं तर पाप नाय ना? पुढच्या वेताला सगळी काळी निघाली, तर सुनेला मी सोता आणून सोडते. पिंजऱ्याला कुलूप माझं."

"म्हातारीचं बरोबर हाय," कुणीतरी म्हणालं. महाराजांना नाही म्हणता येईना.

सशाची मादी महिन्याभरात पुन्हा विते; एकतिसाव्या दिवशी मठात गर्दी लोटली. लंकाबाईने कुलूप काढलं. तिने केस बाजूला सारले. काळं. काळं. सहा काळी मोजून झाली. हर्षालीने डोळे मिटले.

सातवं तळाशी होतं. गुलाबी.

"आता मठातल्या कुणाला नऊ दिवस शुद्ध करायचं, महाराज?" लंकाबाईने विचारलं.

"कुणीतरी विटाळ घेऊन आत आलं असेल. दैवी संकेत समजायला साधना लागते..."

"साधना ठेवा तिकडं," हिरामण पुढे आला. "हा फाटका कान माझ्या घरी येऊन गेला. जोडी पांढरं टाकते हे तुला ठावं होतं. ज्या घरची सून पायजे, त्या घरी धाडायचास."

महाराज दाराकडे वळले. लोक वाट अडवून उभे राहिले ते पोलीस येईपर्यंत.

यात चमत्कार नव्हता. दोन सशांच्या अंगातला रंग होता, आणि तो वापरणारा एक हरामखोर. ज्याला अजून शंका असेल त्याने अशी जोडी पाळावी आणि चार वेतं पिल्लं मोजावीत. कुणाच्या लेकीला मठाची पायरी चढवण्याआधी एवढे कष्ट घ्यायला काय हरकत आहे?