खंडेनवमीला मांडलेली चाबी

माझ्या नवऱ्याला शर्यत जिंकायची होती असं लोक सांगतात. खोटं आहे. त्याला माझी गाडी हिसकावायची होती. चंद्रभान त्याचं नाव. तेव्हा मी ते घेत नसे, आता बिनदिक्कत घेते.

गाडी म्हणजे बेबी हिंदुस्तान, माझ्या वडिलांनी लग्नात आंदण दिलेली. हुडकेश्वरहून शहरात, सदरच्या शाळेत शिकवायला मी ती रोज स्वतः चालवत नेई. त्या काळी आमच्याकडे धड बस नव्हती. गाडी गेली की माझी शाळा सुटली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्टिअरिंगला हात लावला की सासूबाई, प्रयागबाई, तोंड फिरवून आत जात.

एका रविवारी चंद्रभान माझी गाडी घेऊन निघाला आणि वर्धा रोडवर चुलतभावानं, महादेवरावानं, फियाटनं त्याला मागं टाकलं. वरून ओरडला, "बायकोची गाडी हाये, जपून चालव गा!"

झालं. चंद्रभाननं नत्थूजी मिस्त्रीकडून तिच्यात ॲम्बॅसडर टॅक्सीचं इंजिन बसवून आणलं. एवढंसं ते बॉनेट, त्यात ते धूड! गाडी गोफणीतून सुटल्यासारखी सुटायची खरी, पण पुढचं वजन इतकं वाढलं की स्टिअरिंग वळेना, आणि क्लच दाबताना माझ्या पायात गोळा यायचा. पहिल्याच सकाळी फाटकाशी गाडी वळली नाही, बाभळीत घुसली.

चंद्रभान ओसरीवर हसत उभा होता.

"नाही झेपत ना? मंग मी चालवतो. तू घरी बस."

"जुनं इंजिन परत बसवा."

"थे दसऱ्याले नत्थूजी घेऊन जाऊन राहिला. देलं मी त्याले."

त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही झाली. ठोकर लागून गाडी मोडली असती तरी एवढा संताप आला नसता.

खंडेनवमीला सासूबाईंनी ओसरीवर औजारं मांडली. विळे, कुऱ्हाडी, चंद्रभानच्या वखराची लोखंडी पास. आमच्या घरची रीत अशी की पूजेत गेलेलं औजार दसऱ्यापर्यंत कोणी हलवायचं नाही, आणि मग ज्याचं त्यानंच उचलायचं. मी गड्यांकडून गोठ्यात काढून ठेवलेलं जुनं इंजिन बल्लीला बांधून आणवलं, घासलेटनं पुसलं आणि रांगेत ठेवलं. त्यावर गाडीची चाबी. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

"हे काय मांडलं वं, प्रेमलता?"

"औजार आहे. याच्यावर माझी शाळा आहे."

सासूबाई पुटपुटल्या, पण ओवाळून मोकळ्या झाल्या. मांडलेलं उचलून टाकायची त्यांची छाती नव्हती.

दुपारी फाटकाशी फियाटचा हॉर्न वाजला. शर्यत ठरली होती म्हणे. चंद्रभान चाबी शोधत आला आणि पूजेकडे वाकला.

"हात लावशील तं याद राख!" सासूबाई कडाडल्या.

"माय, थो बाहेर उभा हाये!"

"राहू दे उभा. पूजा मोडतं काय?"

हॉर्न वाजतच राहिला. मग महादेवरावाचं हसणं ऐकू आलं, आणि फियाट निघून गेली. चंद्रभाननं माझ्याकडे पाहून दात खाल्ले.

"उद्या पाहतो तुले."

"उद्याच पाहा," मी म्हटलं.

दसऱ्याला नत्थूजी इंजिन न्यायला हातगाडी घेऊन आला. ज्यानं त्यानं आपापलं औजार उचललं. चंद्रभाननं चाबीकडे हात नेला.

"तुही पास तिकडे हाये," सासूबाई म्हणाल्या.

"माय, गाडी..."

"मांडवात आंदण हिले देलं होतं, तुले नाही. मले हिचं गाडी चालवणं पटत नाही, कधी पटणारबी नाही. पण दुसऱ्याचं औजार या घरात कोणी उचलत नाही."

मी चाबी उचलली. "नत्थूजी, इंजिन न्या, गाडीही न्या. शाळा उघडायच्या आत हे तिच्यात बसलं पाहिजे. ते टॅक्सीचं मोठं यांच्या ओसरीवर आणून टाका."

नत्थूजी चंद्रभानकडे पाहू लागला.

"इकडे पाहा," मी म्हटलं. "गाडी माझी आहे."

संध्याकाळी सगळ्यांदेखत मी नवऱ्याला सोनं द्यायला गेले. दसऱ्याचं सोनं वैऱ्याचंही नाकारता येत नाही. आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते मुठीत चुरगाळलं आणि दुसरा हात पुढे केला, चाबीसाठी.

मी त्यावरही पानच ठेवलं.