शिंप्याच्या घरातलं ऑर्किड

तीन वर्षं झाली, माझ्या ऑर्किडला फूल नाही. कुंडीत कुजलं म्हणून फळीवर शेवाळ ठेवून बांधलं, न्हाणीच्या खिडकीत टांगलं. मुळं फुटायची आणि गायब व्हायची. उंदीर, गोगलगायी, जाऊबाई, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

आठवडाभर लेकीकडे राहून आज आले, तर आमचे हे कात्री घेऊन खिडकीशी उभे. जन्म शिवणकामात गेला. लोंबता धागा दिसला की हात शिवशिवतात.

"अहो, ती मुळं आहेत! हवेतच वाढतात!" मी ओरडले.

"मला वाटलं, तुझी बांधणी उसवतेय," ते ओशाळले. "मग मघाशी कापला तो जाडसर, गाठीगाठींचा, तो काय होता?"

मी केराची टोपली उपडी केली. चार कळ्या होत्या.