कारणाचा रकाना

तिने संगणकाचं बटण दाबलं आणि मनातल्या मनात आकडे मोजले. अकराव्या आकड्याला काळ्या पडद्यावर तीच ओळ उमटली: डिस्क सापडत नाही.

"रुसला का पुन्हा?" आई दारातून म्हणाली. "डॉक्टर अकराला येतायत, चिमणे."

"माहितेय गं."

"काल संध्याकाळी तर पोपटासारखा बोलत होता. ऐन वेळी बरोबर दातखीळ बसते मेल्याची."

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात नेला होता आणि वाचाही. डाव्या हाताच्या एका बोटाने ते अक्षरं दाबत आणि हा संगणक ती वाचून दाखवी. डॉक्टरांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी बांधायची का? न बांधली तर ती केव्हाही फुटेल. बांधायला गेलं तर डावा हातही जाऊ शकतो. "नुसती मान हलवलेली चालणार नाही," त्यांनी बजावलं होतं. "त्यांचं स्वतःचं पूर्ण वाक्य हवं." त्यासाठी ते दोनदा येऊन हात हलवत परत गेले होते.

तिने वही उघडली. पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलीला साजेसा तक्ता होता: तारीख, खोलीचं तापमान, कुठली केबल, चालू की बंद, कारण. तीन आठवड्यांत तीन वेळा 'बंद', आज चौथ्यांदा. केबल बदलून झाली, डिस्क तपासून झाली. कारणाचा रकाना कोरा.

संगणक जागा होताना आधी एक छोटी फाइल उघडतो. डिस्कपर्यंत पोचायची अवजारं तिच्यात असतात. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, ती नववीत असताना. टेलिफोन एक्सचेंजच्या यंत्रखोलीत तीस वर्षं काढलेला माणूस. "उंबऱ्यातला कंदील समज. तो विझला की घरात सगळं असूनही डोळ्याला काही दिसत नाही."

दर वेळी ती घाईघाईने पेनड्राइव्हवरून संगणक उठवायची, ती फाइल नव्याने बनवायची आणि चाललं की सुटकेचा श्वास सोडायची. आज तिने ठरवलं, आधी बघायचं, मग हात लावायचा.

पेनड्राइव्ह लावून तिने बिघडलेली फाइल उलगडली. शेकडो अवजारं जागच्या जागी होती. नव्हतं ते फक्त डिस्कचं, तेवढं एकच. बिघाड इतका नेमका निवडत नाही. तिने फाइल शेवटची बदलल्याची वेळ पाहिली: आज, पहाटे पाच बेचाळीस. ती स्वतः सातला उठली होती आणि आईला माउस धरायचीही भीती वाटे.

शेजारीच चांगल्या फाइलच्या चार प्रती होत्या. प्रत्येकीच्या नावापुढे तारीख होती.

'मूळ वस्तूला हात लावायच्या आधी प्रत ठेवायची, तारीख घालून.' हेही बाबांनीच शिकवलेलं.

तिने त्या तारखा वहीतल्या तारखांना बोट लावून जुळवल्या. डॉक्टर. डॉक्टर. काका ऑपरेशनसाठी समजावायला आले तो रविवार. आज.

तिने मान वळवली. बाबा तिच्याकडेच पाहत होते. डावा हात मांडीवर होता, त्याचं एक बोट हळूहळू धोतराच्या काठावरून फिरत होतं. त्यांनी नजर चोरली नाही. त्यांचे ओठ हलले, त्यातून नेहमीसारखी नुसती हवा आली.

प्रत जागेवर ठेवायला मिनिटभर पुरलं असतं. तिची बोटं कीबोर्डवर गेली, थांबली. "बाबा," ती म्हणाली. काय विचारायचं? आणि विचारलं तरी त्यांनी सांगायचं कशाने?

दारावरची घंटा वाजली. चपलांचा आवाज, आईचं "या, या", मग डॉक्टरांचा दमदार आवाज: "काय, आज तरी बोलणार का आमचे पेशंट? वीस तारखेनंतर मी हात लावणार नाही, आधीच सांगतो."

आई लगबगीने आत डोकावली. "झालं का गं सुरू?"

तिने संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढला. पडदा काळा झाला आणि त्यात तिला खिडकी दिसली, खुर्ची दिसली.

"नाही," ती म्हणाली. "कळत नाहीये काही."

डॉक्टर बाहेर आईला तारखा सांगत राहिले. तिने वही पुढे ओढली. तारीख लिहिली, तापमान लिहिलं, 'बंद' लिहिलं. कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलं, उचललं आणि वही मिटली.