चिमणीचा कौल

गंगावेशीत लालासाबांच्या गाण्याचे खरे कदरदान दोनच. एक ते स्वतः आणि दुसरी आकाराम गवळ्याची म्हैस. तिचं नाव चिमणी. ज्यानं ते ठेवलं, त्याला खरी चिमणी बहुधा कुणी दाखवली नसावी.

तिथल्या कट्ट्यावर पहाटे गिऱ्हाइकांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. आकारामची जागा नेमकी लालासाबांच्या खिडकीखाली. वर लालासाब तंबोरा जुळवून खर्ज लावायचे, मग भैरव आळवायचे, की खाली चिमणी डोळे मिटून पान्हा सोडायची. दुसरं कुणी तिला चालत नसे. एकदा आकारामनं हौसेनं ट्रान्झिस्टर तिच्या कानाशी धरला. त्यात मुंबईचे कुणी नामांकित बुवा गात होते. चिमणीनं बादलीला लाथ घातली. ती हकिगत लालासाब पुढं वर्षभर सांगत होते.

आधी त्यांना या म्हशीची लाज वाटायची. आजोबा दरबारात गायलेले आणि नातवाचे श्रोते गोठ्यातले. पण त्या लाथेनंतर त्यांचं मत पालटलं. खानदानी आवाज जनावरालाही कळतो, असं ते सांगू लागले. सांगायचे मुख्यतः मुलीला, सलिमाला. सलिमा लहानपणापासून त्यांच्यामागं तंबोऱ्यावर बसलेली. घरातल्या सगळ्या चिजा तिला येत होत्या, पण बैठकीत एकटीनं गायची परवानगी नव्हती.

"सूर कच्चा हाय अजून," लालासाब म्हणायचे. "पटत नसंल तर जा, चिमणीला इचार." आणि स्वतःच हसायचे. सलिमा हसायची नाही.

शहात्तर सालच्या गणपतीत लालासाबांचा घसा बसला. पैलवानांच्या तालमीच्या गणपतीपुढं गाण्याचा मान आजोबांपासून त्यांच्या घरात होता. तालमीचे लोक आले, अदबीनं चहा प्याले आणि म्हणाले की उस्तादांना जमत नसेल तर यंदा पेठ वडगावचा ऑर्केस्ट्रा सांगतो. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर लालासाबांना असा ठसका लागला की मंडळी उत्तराची वाट न बघता उठली.

"मी गाते की, अब्बा," सलिमा म्हणाली.

"सूर..." लालासाब कसेबसे कुजबुजले.

"त्यो ऑर्केस्ट्रा लई पिकलाय व्हय?" त्यांच्या बायकोनं, कुलसुमनं, आतून विचारलं. लालासाब गुळण्या करायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे रियाज नाही, आणि खाली गलका. आकाराम खिडकीकडं तोंड करून ओरडत होता. "खाँसाब, निस्ता हुंकार तरी द्या. म्हस पान्हवना झालीया. पेंड घातली, रेडकू लावलं, गूळ चारला. पैलवान पेलं घिऊन हुबं हाईत, आता मलाच पिळत्यात बघा."

अंथरुणावरच्या लालासाबांना ही हाक काढ्यापेक्षा जास्त लागू पडली. "बघितलंस?" ते सलिमाला कुजबुजले. "ह्याला खानदान म्हणत्यात."

सलिमा उठली. तिनं तंबोरा घेतला, खिडकीत बसली आणि गायला लागली.

लालासाबांनी डोळे मिटले ते चुका धरायला. रिषभावर ती चुकणार हे त्यांना ठाऊक होतं, तिथंच ते तिला नेहमी टोकायचे. रिषभ आला. हलकेच झुलत आला, त्यांच्या वडिलांच्या गळ्यातून यायचा तसा. त्यांचा स्वतःचा अलीकडं तसा लागत नव्हता. खाली गलका थांबला आणि बादलीत धारा वाजू लागल्या.

"तुंबलेली हुती," लालासाब म्हणाले. "कुणीबी गायलं असतं तरी..."

"आन मग ट्रान्झिस्टर?" कुलसुमनं विचारलं.

पुढच्या पहाटे त्यांनी सलिमाला चुलीपाशी पिटाळलं आणि तंबोरा स्वतःच ओढला. आवाज निम्माअर्धा आला होता. त्यांनी जीव तोडून भैरव लावला. चिमणीनं मान वर करून खिडकीकडं बघितलं, कान हलवले आणि वाट बघत उभी राहिली.

"खाँसाब," खालून आकाराम म्हणाला, "तेवढं पोरीला बशिवता का? तुमचं आयकून ती निस्ती बघाय लागलीया."

लालासाब थांबले. लागलं त्यांना, चांगलंच लागलं. डोळ्यांत पाणीही आलं. पण बापाचा रिषभ आपल्याबरोबर मातीत जायचा नाही, हेही त्याच घटकेला कळलं, आणि त्या आनंदापुढं ते दुखणं थिटं पडलं. ते तंबोरा घेऊन मागं सरकले आणि पुढची जागा त्यांनी हातानं झटकली.

"सलिमा, ये," ते म्हणाले. "मंडळी खोळंबल्यात."

ऑर्केस्ट्रा नको, पोरगी गाईल, असा निरोप लालासाबांनी तालमीत धाडला. संध्याकाळी तालमीच्या मांडवात सलिमा पुढं बसली आणि मागं लालासाब तंबोरा जुळवत होते. तेवढ्यात लोकांना बाजूला सारत आकाराम आला. बरोबर चिमणी, धुतलेली, शिंगांना लाल हिंगूळ लावलेली. तालमीचे लोक त्याच्या अंगावर धावले.

"पोरगी पयल्यांदाच गातीया," आकाराम म्हणाला. "म्हटलं, वळखीचं कोनतरी असावं."

लोक लालासाबांकडं बघू लागले. खानदानी माणूस, आता तंबोरा ठेवून उठणार, असंच सगळ्यांना वाटलं. लालासाबांनी एकदा म्हशीकडं बघितलं, एकदा पोरीच्या पाठीकडं.

"तितं कोपऱ्यात नगं," ते म्हणाले. "म्होरं बांध तिला."