मस्टरवरची बाई

“आजी, सही चालणार नाही. डावा अंगठा पायजे.” पंचायत समितीतल्या कारकून रुपेशने शाईचा पॅड पुढे सरकवला.

पुतळाबाईने हात पदराखाली ओढून घेतला. “सही येती मला. विहारात शिकली मी.”

“येत असेल. पण फॉर्मवर ठसा मागितलाय.”

शेजारी मुलगी मेघा उभी होती. साजगावच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, आणि अर्धा जीव घड्याळात होता. “आये, लाव ना गं. कशेळ्यावरनं कर्जतला कशाला आलो मग?”

पुतळाबाईचा नवरा नागूभाऊ ग्रामसेवक होता. निवृत्तीला चौदा महिने उरले असताना बडतर्फ झाला. बडतर्फ माणसाला पेन्शन नाही, आणि तो मेल्यावर त्याच्या विधवेलाही नाही. सरकारला दया आलीच तर अनुकंपा म्हणून थोडा भत्ता मिळतो म्हणे, त्याचा हा अर्ज. नागूभाऊने जिवंतपणी तो केला नाही. कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला आणि गेल्या वर्षी त्याच गेटवर खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

गुन्हा काय, तर डोंगरातल्या वाडीवरच्या अठरा बायकांनी बांधाचं काम केलं आणि मस्टर, म्हणजे हजेरीपट, पुरं व्हायच्या आत त्या पोटापाठी वीटभट्ट्यांवर निघून गेल्या. अंगठे नाहीत तर मजुरी नाही. नागूभाऊ मस्टर घरी आणून डोक्याला हात लावून बसला. तेव्हा पुतळाबाईच म्हणाली होती, “आना हिकडं. बाईचा अंगठा बाईवानीच दिसंल.” भाकरी थापायच्या आधी तिने अठरा अंगठे उठवले. नागूभाऊने भट्ट्या पालथ्या घालून जिची मजुरी तिच्या हातात दिली. भोळेपणा म्हणा नाहीतर मूर्खपणा, दोघांच्या मनात पाप नव्हतं.

चौकशीत निघालं, अठराही ठसे एकाच अंगठ्याचे, आणि आकारावरून तो बाईचा. साहेब म्हणाले, तिचं नाव सांग, सक्तीच्या निवृत्तीवर भागवतो, पेन्शन तरी राहील. नागूभाऊने तोंड उघडलं नाही. मग गावाने उघडलं. ठेवलेली बाई असणार, नाहीतर कोण एवढं सोसतो! पुतळाबाई ऐकत राहिली. नवऱ्याने शपथ घातलीय, असं ती स्वतःला सांगायची. खरं म्हणजे ती घाबरली होती.

“ह्यो ठसा कुटं ठेवनार, साहेब?” तिने विचारलं.

“त्यांच्या जुन्या फायलीत. मस्टरच्या मागे.”

मेघा वैतागली. “लाव गं आये. बाबांनी कुना बाईपायी तुजी पेन्शन घालवली. आता ह्यो भत्ता तरी मिळू दे.”

पोरगीसुद्धा तेच धरून बसली होती. नवरा आपण होऊन बदनाम झाला आणि आपण त्याला पोटच्या पोरीपुढेही सोडवलं नाही, याची पुतळाबाईला भयंकर लाज वाटली.

तिने अंगठा पॅडवर दाबला, मग फॉर्मवर. “साहेब, ते मस्टर काडा आन् ह्याच्या शेजारी ठेवून बगा. ती बाई मीच हाय.”

मेघा तिच्याकडे बघतच राहिली. रुपेशने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “आजी, मी काही ऐकलं नाही. हे वर गेलं तर भत्ता राहिला बाजूला, तुमच्यावरच केस होईल. फाडतो हा कागद.”

“फाडू नका. तेंच्या कागदामागं लावा.”

रुपेशने मेघाकडे पाहिलं. तिने फॉर्म त्याच्याकडे सरकवला. मग तो उठला, कपाटातून फाईल काढली आणि फॉर्म दोरीत ओवला.

कशेळ्याच्या जीपमध्ये दोघी मागच्या बाकावर बसल्या. मेघाने कामावर फोन करून उरलेल्या दिवसाचीही रजा टाकली. पुतळाबाई अंगठ्याची शाई पदराला पुसू लागली, तशी मेघाने तिचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे, आये,” ती म्हणाली, आणि तो हात मांडीवर घेऊन बसली.