चोरलसाठी बारा नावं

यादीत चार नावं होती आणि हवी होती बारा. संबोधीने सकाळपासून ती तीनदा मोजली. मोजल्याने नावं वाढत नाहीत, हे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं, तरीही मोजली.

बेत साधाच होता. चोरलच्या जंगलात एक रात्र तंबूत राहायचं. पण वनखात्याची अट होती: शनिवारी दुपारी तीनच्या आत बारा जणांची यादी आली पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्या गटाला. सुदामा नगरच्या पहाटफेरी मंडळात माणसं तिसाच्या वर होती. मात्र रोज चार किलोमीटर चालून पोहे-जलेबीपाशी विसावणाऱ्या या मंडळींना जमिनीवर झोपायचं म्हटलं की एकाएकी सगळी दुखणी आठवत. शेवटी इंदिराकाकूंनी तोडगा काढला. "आधी ते जाहिरातीतलं तंबू-बिंबूंचं मोठं प्रदर्शन दाखव बाई. तंबूत शिरून बघू, आडवं पडून बघू. जमलं तर ठीक, नाहीतर राम राम." काकू हो म्हणाल्या की मागून निम्मं मंडळ हो म्हणतं, हे संबोधीला पक्कं ठाऊक होतं.

घाई तिला वडिलांसाठी होती. शंकररावांनी महूला लष्कराच्या गोदामात बत्तीस वर्षं तंबू दुरुस्त केले, आणि तंबूत एक रात्रही काढली नाही. आता त्यांना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. या थंडीपर्यंत गुडघे त्यांचं ऐकत होते. पुढच्या थंडीचं कोण सांगणार? ते स्वतः काही मागणाऱ्यांतले नव्हते. फक्त आठवड्यात दोनदा, सहज विचारल्यासारखं, त्यांनी विचारलं होतं, "चोरलला रात्री गारठा किती असतो गं?"

तर शनिवारी सकाळी सोळा जण टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसून बायपासजवळच्या त्या भल्यामोठ्या हॉलवर थडकले. जाहिरातीत लिहिलं होतं: डोंगर चढा, नाव चालवा, तंबूत राहा. संबोधीने जाहिरात प्रमाण मानून प्रत्येक विभागाला वीस मिनिटं असं वेळापत्रकच आखलं होतं.

ते पंधरा मिनिटांत कोलमडलं. डोंगर म्हणजे डोंगराचं चित्र छापलेला फ्लेक्स निघाला; कमरेला पट्टा बांधून पुढे उभं राहायचं आणि फोटो काढायचा. नाव एकच होती, लाल गालिच्यावर ठेवलेली, आणि तिच्यात लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या भरल्या होत्या. बाकी रांगेने मालिश करणाऱ्या खुर्च्या, घरगुती आटाचक्क्या, बायपासपलीकडचे प्लॉट आणि गाद्या. देवासहून आलेलं एक कुटुंब दारापाशीच एकमेकांवर चिडलं होतं. "एवढ्यासाठी पोरांची शाळा बुडवली!" असं त्यातली बाई म्हणत होती.

"संबोधी, ही खुर्ची मात्र झकास आहे हं," इंदिराकाकू थरथरत म्हणाल्या. त्या मालिशच्या खुर्चीत बसल्या होत्या. "हिला जंगलात नेता येईल का?"

त्यांचे यजमान उदयसिंहराव शेजारच्या खुर्चीत होते. "आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. महिनोन् महिने तंबूत राहायचे."

"ते राहायचे. तुम्हाला पंखा चार नंबरवर नसला तर झोप येत नाही."

सगळे हसले. संबोधीही हसली, पण घड्याळाकडे बघत. साडेअकरा वाजले होते, आणि चाराची पाच झाली नव्हती.

हॉलच्या अगदी टोकाला एक तंबू होता, सांवेर रोडच्या एका कारखान्याचा. हिरवा, देखणा, फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून त्याच्या दोऱ्या पाण्याच्या कॅनना बांधलेल्या. शेजारी रजत नावाचा विक्रेता टाय लावून उभा होता.

"आत जाऊन बघू का?" संबोधीने विचारलं.

"सॉरी मॅडम, डिस्प्ले पीस आहे. आत जायला अलाउड नाही."

"घ्या!" उदयसिंहराव म्हणाले. "नाव चालवायची नाही, डोंगर चढायचा नाही, तंबूत शिरायचं नाही. मग भिया, तूच सांग, इथं करायचं काय?"

"क्यूआर कोड स्कॅन करू शकता सर."

त्या गलक्यात शंकरराव तंबूभोवती फिरत होते. एक फेरी, दुसरी फेरी. मग वाकून त्यांनी बाहेरच्या कापडाची चेन सर्रकन उघडली. आत दार नव्हतंच. आतल्या तंबूची सपाट भिंत होती.

"बेटा," ते रजतला हळूच म्हणाले, "वरचं कापड तू उलटं घातलं आहेस. वरचं दार पूर्वेला, आतलं पश्चिमेला. यात शिरणार कोण, वारा?"

रजतचा चेहरा पडला. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अंकल, दोन वर्षं असाच लावतोय. भोपाळला, उज्जैनला, सगळीकडे. शिरता येत नाही म्हणूनच अलाउड नाही म्हणतो. मला वाटायचं, असाच असतो."

"तू स्वतः कधी झोपला नाहीस तंबूत?"

"मी? मी तर होस्टेलमध्येही नाही राहिलो."

शंकररावांनी बाह्या सारल्या. "उचल. बाहेर हिरवळीवर घेऊन चल. इथं फरशीवर काय शिकणार?"

"साहेब जेवायला गेलेत, ते आले तर..."

"साहेबांना सांग, गोदामातून तपासणी आली होती."

बत्तीस वर्षांची हुकमत त्या आवाजात होती. रजतने टाय खिशात कोंबला आणि कॅन सोडायला लागला.

हॉलमागच्या हिरवळीवर मग जे सुरू झालं ते कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. शंकररावांनी जमीन हाताने चाचपली, चार खडे वेचून फेकले, आणि मंडळींना कामाला लावलं. "उदयसिंहराव, काठी वाकवा. वाकवा म्हणतो, मोडू नका! खुंटी तिरपी ठोका, तंबूकडे पाठ करून. दोरी अशी, बोट घालून गाठ सरकली पाहिजे." तंबू उभा राहिला तेव्हा टाळ्या पडल्या. त्यांनी तो लगेच पाडला. "आता बायकांनी." बायकांनी नऊ मिनिटांत लावला, पुरुषांना अकरा लागली होती. देवासचं कुटुंब येऊन उभं राहिलं, मग खुर्चीवाला, मग प्लॉटवाला. "आम्हालाही लावू द्या ना, काका!" शंकरराव दर वेळी दोरी ताणून बघत आणि दर वेळी काहीतरी खोट काढत. संबोधीने त्यांना इतकं मोठ्याने बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

बॅगांतून कचोऱ्या आणि शेव निघाली. खाणं झाल्यावर इंदिराकाकू म्हणाल्या, "सरका. आता मी बघते." त्या गुडघ्यांवर हात ठेवून, देवाचं नाव घेत आत शिरल्या. "अगं, खाली गवत मऊ आहे की!" एवढंच ऐकू आलं. मग काहीच नाही. मग घोरणं.

"पंख्याशिवाय?" उदयसिंहराव थक्क झाले.

अडीच वाजले. संबोधी तंबूसमोर उभी होती, हातात यादी. उठवावं तर काकू चिडतील, न उठवावं तर वेळ टळेल. शेवटी तिने चेन जराशी उघडून हाक मारली, "काकू?"

"काय आहे? ऊन गेलं की उठेन."

"काकू, तीनच्या आत यादी पाठवायची आहे."

"माझं नाव टाकलं नाहीस अजून? मग सकाळपासून करतेस काय तू?"

आणि बांध फुटला. काकू जातात तर आम्हीही, म्हणत पाच बायकांनी नावं दिली. चार, पाच, दहा. काकू केसांतलं गवत काढत बाहेर आल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "तुम्ही राहा घरी. डाळीला कुकरच्या तीन शिट्ट्या, मग गॅस बंद."

"तीन की चार?"

"बघा, विसरलात."

"लिही गं माझं," उदयसिंहराव संबोधीला म्हणाले. "पणजोबांची लाज राखली पाहिजे."

अकरा. तीनला बारा मिनिटं होती. संबोधीने इकडेतिकडे पाहिलं. उरलेले पाच जण चपला शोधू लागले होते.

"मॅडम," रजत घसा साफ करत म्हणाला, "बाहेरचा माणूस चालतो का? म्हणजे, आता कुणी विचारलं की आत कसं वाटतं, तर मला सांगता यायला हवं ना."

संबोधीने त्याचं नाव लिहिलं, यादीचा फोटो काढला, वनखात्याला पाठवला. मग सगळे फोनकडे टक लावून बसले, निकालाच्या दिवशी बसतात तसे. तीनला चार मिनिटं असताना उत्तर आलं: यादी मिळाली, पुढचा शनिवार-रविवार पक्का.

हिरवळीवर एकच कल्ला झाला. त्यात शंकरराव उठले. ते तंबूकडे गेले, वाकले, आणि आत जाऊन आडवे झाले.

"संबो," आतून आवाज आला. "चेन लाव."

"बाबा, ती आतूनही लागते."

"मला माहीत आहे. तू लाव."

तिने खाली बसून, कापड कुठे अडकणार नाही अशी, हळूहळू चेन लावली.